जेमी ऑलिव्हर: शाळेचं जेवण सुधारलं, हॉटेलं मात्र बुडाली

रानजाई:
जेमी ऑलिव्हरचं नाव इथे निघतं ते बहुतेक पास्त्याच्या धाग्यांवर. त्याच्या कारकिर्दीवर वेगळा धागा नाही, म्हणून काढतेय. लांब होईल, चहा घेऊन बसा.

जन्म १९७५. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातलं क्लेव्हरिंग हे गाव. आईवडिलांचा 'द क्रिकेटर्स' नावाचा पब, त्यामुळे सोलणं-चिरणं लहानपणापासून हाताखालचं. डिस्लेक्सिया असल्यानं शाळेत डाळ शिजली नाही, सोळाव्या वर्षी शाळा सोडून वेस्टमिन्स्टरच्या केटरिंग कॉलेजात गेला. मग अँटोनियो कार्लुच्चिओंच्या नील स्ट्रीट रेस्टॉरंटमध्ये नोकरी. तिथे जेन्नारो कोन्ताल्दो भेटला, ज्याला तो आजही गुरू मानतो. पुढे रोझ ग्रे आणि रूथ रॉजर्स यांच्या रिव्हर कॅफेत असताना बीबीसीवाले चित्रीकरणाला आले आणि कॅमेरा या बडबड्या पोरावरच रेंगाळला. १९९९ साली 'द नेकेड शेफ' सुरू झालं. २००० पासून सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या जाहिराती, त्या अकरा वर्षं चालल्या. म्हणजे पंचविशीतच नाव, पैसा, सगळं हाती.

इथवर गोष्ट नेहमीचीच. मला रस आहे तो पुढच्या भागात. २००२ मध्ये त्यानं लंडनला 'फिफ्टीन' काढलं. पत्ता १५, वेस्टलँड प्लेस, आणि पंधरा बेरोजगार पोरं. कुणी शाळेतून काढलेलं, कुणी पोलिसांच्या लफड्यात अडकलेलं. त्यांना शिकवायचं, त्यांच्याच हातचं गिऱ्हाइकाला वाढायचं आणि नफा धर्मादाय संस्थेला द्यायचा. त्यासाठी त्यानं घर गहाण टाकलं, बायकोला न सांगता. हे त्यानंच नंतर सांगितलंय.

१७ वर्षांनी, मे २०१९ मध्ये त्याची ब्रिटनमधली हॉटेलं बुडाली आणि त्यांच्याबरोबर लंडनचं फिफ्टीनही बंद झालं. मात्र शाळांच्या जेवणाचे नियम राहिले, साखरेवरचा कर राहिला. माझं म्हणणं असं की त्यानं जे सामाजिक काम हॉटेलाच्या गल्ल्यावर उभं केलं ते गल्ल्याबरोबर गेलं, आणि जे सरकारच्या गळी उतरवलं ते टिकलं. पटतंय का, ते सांगा. नसेल पटत तर जास्त मजा येईल.

लीड्सकर:
छान धागा, रानजाईताई. शाळांचं जेवण सुधारायचा त्याचा 'जेमीज स्कूल डिनर्स' हा कार्यक्रम २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चॅनल फोरवर लागला तेव्हा माझी थोरली प्राथमिक शाळेत होती. त्या आधीच्या ताटाचा रंग मला अजून आठवतो. सगळं पिवळट-तपकिरी. चिप्स, नगेट्स, मक्याचे चार दाणे नावाला, आणि ते 'टर्की ट्विझलर'. माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्प्रिंगसारखा पिळा दिलेला, तळायचा पदार्थ, ज्यात टर्कीचं मांस जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी पाणी, चरबी, रस्क आणि मसाला. मुलांचा जीव होता त्यावर. कार्यक्रमानंतर काही महिन्यांतच कंपनीनं ते बाजारातून काढून घेतलं. (२०२० मध्ये नवं रूप देऊन परत आणलं, पण ती वेगळी कथा.)

एक सांगते, कार्यक्रम लागला त्या आठवड्यांत शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आया दुसरं काही बोलतच नव्हत्या. आणि त्यातल्या निम्म्या त्याच्यावर वैतागलेल्या होत्या, हेही लिहून ठेवते.

खमंग:
मी हॉटेल लाइनमधला. त्या कार्यक्रमातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा ३७ पेन्स. लंडनच्या ग्रीनिच भागातल्या ज्या किडब्रुक शाळेत त्यानं काम केलं, तिथे एका मुलाच्या दुपारच्या जेवणाच्या कच्च्या मालाला एवढेच पैसे मिळायचे. त्याच्या रेस्टॉरंटात तेवढ्यात टेबलावरचा ब्रेडही आला नसता.

पण पैशांपेक्षा मोठी अडचण मला दुसरीच वाटते. त्या स्वयंपाकघरांत स्वयंपाक होतच नव्हता. खोकं फोडायचं, ट्रेवर ओतायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं. डिनर लेड्यांना पगार तासावर, आणि तास धरलेले तेवढ्याच कामाचे. आता याच बायकांना सांगायचं की शेकडो पोरांसाठी गाजरं सोला, कांदा चिरा, कोंबडी मॅरिनेट करा, सॉस शिजवा. वेळ कुठून येणार? तिथली प्रमुख नोरा सँड्स त्याच्याशी कडाकडा भांडते, ते टीव्हीसाठीचं नाटक नव्हतं. तिच्या बायका जादा तास बिनपगारी राबत होत्या. शेफमंडळींना पदार्थ सुचतो, पण तो पदार्थ किती माणूस-तास खातो हे विचारावं लागतं ते भांडी घासणाऱ्याला.

त्यामुळे जेमीला माझे मार्क कमी, नोराबाईंना जास्त.

रानजाई:
खमंग, बरोबर. आणि हे ३७ पेन्स आभाळातून पडले नव्हते. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं शाळेत जेवण देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केलं होतं, पोषणाची मानकंही होती. १९८० मध्ये थॅचरबाईंच्या सरकारनं कायदा बदलला. मानकं गेली, सक्तीही गेली. मग आली निविदांची पद्धत, कमी बोली लावेल त्याला कंत्राट. २००१ मध्ये किमान मानकं परत आणली होती, पण फारच गुळमुळीत. एक पिढी त्या तपकिरी ताटावर वाढली, ती अशी.

कार्यक्रमानंतर त्यानं 'फीड मी बेटर' या मोहिमेच्या २,७१,६७७ सह्या ३० मार्च २००५ ला डाउनिंग स्ट्रीटवर, पंतप्रधानांच्या कार्यालयात, नेऊन दिल्या. सरकारनं २८ कोटी पौंड जाहीर केले आणि माणशी कच्च्या मालाचा किमान खर्च ठरवला, प्राथमिकला ५० पेन्स, माध्यमिकला ६०. निवडणूक तोंडावर होती, हेही विसरू नका. मे महिन्यात मतदान होतं. पंतप्रधान ब्लेअरसाहेबांना एकाएकी कोबीचं प्रेम आलं नव्हतं.

विरोधीपक्ष:
आता माझी पाळी. तुम्ही सगळे कौतुकात बुडालात म्हणून थोडं कडू.

२००६, उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅमजवळची रॉमार्श इथली शाळा. नवा सकस मेनू आला, दुपारी बाहेर जायला बंदी झाली. तेव्हा काही आया कुंपणातून पोरांना बर्गर, चिप्स आणि सँडविचं पोचवू लागल्या. वर्तमानपत्रांनी त्या बायकांची जी टिंगल केली ती वाचवत नाही. लठ्ठ, अडाणी, आळशी, पोरांच्या जिवावर उठलेल्या. त्यांचं म्हणणं कुणी नीट ऐकलं? दुपारची सुट्टी आखूड, रांग लांब, पोरं उपाशी राहतात, आणि आमच्या मुलानं काय खावं हे आम्हाला न विचारता कसं ठरवता? यात काय चूक होतं?

कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर कंबरडं मोडलेला तो पट्टा. तिथे करोडपती शेफनं टीव्हीवरून सांगायचं की तुमचं खाणं वाईट. पुन्हा २०१३ मध्ये एका मुलाखतीत हाच माणूस म्हणतो, गरीब घरात पोरं डब्यातून चीजवाले चिप्स खातात आणि मागे भिंतीवर भलामोठा टीव्ही असतो. तो टीव्ही कितीला येतो आणि रोज ताजी भाजी आणून शिजवायला किती वेळ, गॅस आणि डोकं शाबूत लागतं, याचा हिशेब एकदा मांडा. टीव्ही एकदाच घ्यावा लागतो.

ज्याला तुम्ही 'सामाजिक जाणीव' म्हणता, ती मला बऱ्याच वेळा खालच्या वर्गाला शिकवणी लावण्याची हौस वाटते.

लीड्सकर:
विरोधीपक्ष, टीव्हीच्या वाक्याबद्दल शंभर टक्के सहमत, ते वाक्य मलाही झोंबलं होतं. पण रॉदरहॅमची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. २००८ मध्ये तो त्याच गावी गेला आणि आधी त्याच्यावर तोंडसुख घेतलेल्या त्यांतल्याच एका आईला सोबत घेऊन काम केलं. गावात 'मिनिस्ट्री ऑफ फूड' या नावानं स्वयंपाक शिकायचं केंद्र काढलं. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या खात्याचं, ज्यानं रेशनिंगच्या काळात लोकांना आहे त्यात शिजवायला शिकवलं होतं. कल्पना अशी की एकानं शिकायचं आणि पुढे दोघांना शिकवायचं.

त्या मालिकेत लोकांची स्वयंपाकघरं दिसली. एका घरात शेगडी जवळजवळ कोरीच. ती बाई आळशी नव्हती, तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तिच्या आईनंही बहुधा शाळेतलं तेच तपकिरी ताट खाल्लेलं. मला वाटतं त्या मालिकेत तो पहिल्यांदा बोलण्यापेक्षा ऐकत जास्त होता.

नवखी:
वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: ते कोंबडीच्या सांगाड्याचं नगेट करून दाखवतो ते याच मालिकेत का? रील्समध्ये सारखं दिसतं.

खमंग:
ते प्रात्यक्षिक त्यानं बऱ्याचदा केलंय. तुम्ही पाहिलंत ते बहुधा अमेरिकेतलं, २०१० च्या 'फूड रेव्होल्यूशन'मधलं, वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन गावचं. अख्खी कोंबडी घेतो, छाती-तंगड्या बाजूला काढतो. उरलेला सांगाडा, कातडी, चरबी मिक्सरमध्ये घालून फिरवतो. गुलाबी लगदा होतो, तो चाळणीतून दाबतो, म्हणजे हाडाचे तुकडे वर राहतात. त्यात पीठ आणि चवीचे पदार्थ, वरून ब्रेडक्रम्स, आणि तव्यावर. मग विचारतो, कोण खाणार? इंग्लंडमध्ये पोरं 'ई' करून मागे सरायची. हंटिंग्टनच्या पोरांनी पटापट हात वर केले! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच मालिकेत पहिलीच्या मुलांना टोमॅटो दाखवला तर ओळखता आला नाही.

अवांतर: त्याच वर्षी टेड या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर त्यानं ढकलगाडीभर साखरेचे खडे ओतले होते. मूल प्राथमिक शाळेत असताना नुसत्या फ्लेवर्ड दुधातून किती साखर खातं, हे दाखवायला. नाटकीपणात या माणसाचा हात कुणी धरणार नाही.

हिशेबनीस:
भावनांचं झालं असेल तर धंद्याकडे वळू या? मूळ धाग्यात 'हॉटेलं बुडाली' एवढ्यावर भागवलंय. का बुडाली, ते महत्त्वाचं.

'जेमीज इटालियन'ची पहिली शाखा २००८ मध्ये ऑक्सफर्डला, कोन्ताल्दोच्या साथीनं. वेळ अचूक. मंदीत महागडी हॉटेलं परवडत नव्हती आणि मध्यम दरात नाव असलेल्या शेफचं जेवण मिळत होतं, लोक रांगा लावत होते. २०१६ पर्यंत ब्रिटनमधल्या शाखा चाळिशीच्या वर गेल्या. इथेच गोची. शाखा वाढवताना मोठमोठ्या जागा, लांब मुदतीचे भाडेकरार. तोवर त्याच रस्त्यावर तसलीच दहा हॉटेलं आली. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर पौंड घसरला, आयात माल महागला. किमान वेतन वाढलं, मालमत्तेवरचे बिझनेस रेट्स वाढले, घरपोच जेवणाची अॅप्स आली. प्रेत्झो, बायरन, कार्लुच्चिओज या साखळ्याही २०१८ मध्ये तशाच आचके देत होत्या, त्यामुळे हा एकट्या जेमीचा गाढवपणा नव्हता.

२०१८ च्या सुरुवातीला घेणेकऱ्यांशी तडजोड करून १२ शाखा बंद केल्या. जेमीनं स्वतःच्या खिशातून सव्वा कोटी पौंडांच्या वर ओतले. उपयोग शून्य. २१ मे २०१९ ला बुडीत कंपनीचा ताबा घ्यायला केपीएमजी या हिशेबतपासनीस कंपनीचे प्रशासक आले. २५ पैकी २२ रेस्टॉरंटं त्याच दिवशी बंद, सुमारे १,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. फक्त गॅटविक विमानतळावरची तीन सुरू राहिली. देणी ८ कोटी ३० लाख पौंडांच्या घरात.

आणि हा आकडा वाचताना भाजीवाला, मासेवाला, छोटा पुरवठादार डोळ्यांसमोर आणा. असल्या प्रकरणात तारण असलेली बँक आधी आणि असे लोक रांगेच्या शेवटी असतात. सामाजिक जाणिवेचा शेफ असेल, पण त्याच्या ताळेबंदात ती जाणीव कुठल्या कलमाखाली होती, ते मला सापडलं नाही.

विरोधीपक्ष:
हिशेबनीस, टाळ्या.

रानजाई:
हिशेबनीस, अगदी हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही पुराव्यानिशी मांडलंत. फिफ्टीन तसं पाहिलं तर वेगळ्या हेतूचं, पण ते त्याच समूहात बांधलेलं. साखळी पडली तेव्हा तेही गेलं. कॉर्नवॉलचं फिफ्टीन वेगळ्या संस्थेचं होतं, वॉटरगेट बेच्या किनाऱ्यावर. त्यानं आणखी काही महिने तग धरला आणि २०१९ च्या डिसेंबरात तेही मिटलं.

उलट शाळांचं बघा. पहिल्या एकदोन वर्षांत शाळेत जेवणाऱ्या मुलांचं प्रमाण उलट घसरलं. टीकाकारांनी तेव्हाच श्राद्ध घातलं होतं. पण मानकं कायद्यात असल्यामुळे वेळ मिळाला. ग्रीनिचच्या प्राथमिक शाळांचा दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला, शेजारच्या भागांशी तुलना करून. इंग्रजी आणि विज्ञानाचे निकाल सुधारलेले दिसले आणि परवानगीच्या गैरहजेऱ्या, ज्या मुख्यतः आजारपणाच्या असतात, सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्या. टीव्हीवरचा कार्यक्रम केव्हाच संपला होता, नियम चालूच होता.

लीड्सकर:
नियमाला भोकंही असतात हो. २०१० नंतर मायकेल गोव्ह शिक्षणमंत्री असताना ज्या नव्या अॅकॅडमी शाळा (सरकारी पैशावरच्या, पण स्थानिक प्रशासनाच्या ताब्याबाहेरच्या) निघाल्या त्यांना या मानकांतून सूट होती. जेमी त्यावर जाहीरपणे उखडला होता. २०१५ च्या नव्या मानकांपर्यंत तो घोळ चालू होता. कायदा केला आणि झोपलं, असं होत नाही.

खमंग:
रानजाई, तुमच्या मूळ सिद्धान्तालाच आता मी सुरुंग लावतो.

साखरेचा कर घ्या. मार्च २०१६ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्ननं जाहीर केला, एप्रिल २०१८ पासून लागू. तेव्हाचा दर असा: १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम आणि वर साखर असेल तर लिटरला १८ पेन्स, ८ ग्रॅम आणि वर असेल तर २४. पण त्याच्या आधी, २०१५ मध्ये, जेमीनं स्वतःच्या रेस्टॉरंटांत साखर घातलेल्या प्रत्येक शीतपेयावर १० पेन्स जादा लावले. ते पैसे मुलांच्या आरोग्यासाठीच्या निधीत. संशोधकांनी या विक्रीचा अभ्यास केला. १२ आठवड्यांत साखरेच्या पेयांची विक्री ११ टक्क्यांनी घटली होती.

म्हणजे जी साखळी तुम्ही बुडीत खात्यात टाकताय, तिनंच सरकारला दाखवायला प्रयोगशाळा पुरवली. हॉटेलं नसती तर तो नुसता बोलका टीव्हीवाला राहिला असता. मंत्र्याला दार उघडायला लावते ती लोकप्रियता, पण 'आम्ही करून पाहिलं, गिऱ्हाईक पळालं नाही' हे सांगायला गल्लाच लागतो.

हिशेबनीस:
मुद्दा मान्य, पण एक दुरुस्ती. तिथे नुसते १० पेन्स नव्हते. मेनूकार्ड बदललं होतं, कमी साखरेची नवी पेयं आणली होती, टीव्हीवर त्याचा 'शुगर रश' माहितीपट त्याच सुमारास लागला होता. ११ टक्क्यांतला दरवाढीचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे सुटं करता येत नाही.

कराचा खरा परिणाम गिऱ्हाइकावर नाही, कंपन्यांवर झाला. कर टाळायला त्यांनी आधीच साखर कमी केली. स्कॉटलंडच्या आयर्न-ब्रू या शीतपेयानं १०० मिलिलिटरमागे १०.३ ग्रॅमवरून ४.७ वर आणली. बघा, पाचच्या बरोबर खाली! जुन्या चवीचे शौकीन खोकीच्या खोकी साठवून बसले होते. हे आवाहनानं कधीच झालं नसतं.

विरोधीपक्ष:
आयर्न-ब्रूवाल्यांबद्दल सहानुभूती.

कर ठीक आहे, तो कंपनीला लागतो, आईला शिकवणी लावत नाही. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूला. २०२२ मध्ये जॉन्सन सरकारनं 'एकावर एक फुकट' जंक फूडवरची बंदी पुढे ढकलली तेव्हा डाउनिंग स्ट्रीटबाहेर ईटन मेस घेऊन तो निदर्शनं करत होता, ते मात्र पाहायला मजा आली. ईटन शाळेच्या नावाची मिठाई आणि पंतप्रधान ईटनचाच विद्यार्थी.

नवखी:
फिफ्टीनच्या त्या पोरांचं पुढे काय झालं? सगळे धंद्याबद्दल बोलताहेत, त्यांच्याबद्दल कुणीच नाही.

खमंग:
पहिल्या तुकडीतली सगळी टिकली नाहीत. उशिरा येणं, दांड्या, अधूनमधून गायब होणं, हे मालिकेत दिसतंच. आमच्या लाइनमध्ये धडधाकट घरची पोरंही पहिल्या वर्षी पळतात, त्यामुळे मला त्याचं नवल नाही. पण जी टिकली त्यांना कॉलेजचं सर्टिफिकेट मिळालं आणि शुक्रवारच्या गर्दीची सर्व्हिस अंगावर घेतल्याचा अनुभव मिळाला. स्वयंपाकघरात नोकरी देताना या दोन गोष्टी बघतात, पूर्वी काय केलं होतं ते फारसं कुणी विचारत नाही.

त्याच पहिल्या तुकडीतला टिम सियादातान. त्यानं २०१० मध्ये उत्तर लंडनला 'ट्रुलो' काढलं आणि २०१६ मध्ये बरो मार्केटपाशी 'पाडेला'. ताजा हातवळणीचा पास्ता, दर आवाक्यातले, सुरुवातीला टेबल राखून ठेवायची सोयच नव्हती, सरळ रांगेत उभं राहायचं. जेमीज इटालियन ज्या गिऱ्हाइकाच्या मागे धावून दमली, तेच गिऱ्हाईक तिथे पावसात उभं असायचं.

हिशेबनीस:
पाडेलाच्या मेनूत पदार्थ मोजकेच असायचे. धंद्याचं गणित त्यातच आहे. जेमीनं स्वतः २०२३ च्या शेवटी कॉव्हेंट गार्डनमध्ये कॅथरिन स्ट्रीटला परत एक रेस्टॉरंट उघडलं, थिएटर रॉयल ड्रुरी लेनच्या इमारतीत. या वेळी चाळीस शाखांच्या बाता नव्हत्या.

रानजाई:
खमंग, प्रयोगशाळेच्या मुद्द्यानं माझी मांडणी ढिली झाली हे खरं, पण पूर्ण पडली नाही. त्या प्रयोगाला चाळीस हॉटेलं लागली नसती, दहा पुरली असती. फिफ्टीनही त्या साखळीपासून कायद्यानं वेगळं ठेवलं असतं, तर त्या मे महिन्यात शिकाऊ पोरांचा कोर्स मध्येच तुटला नसता. कॉर्नवॉलवाल्यांच्या हिशेबांबद्दल कुणाला नीट माहिती असेल तर लिहा. वेगळी संस्था असूनही ते सहासात महिन्यांत का मिटलं, ते मला समजून घ्यायचंय.

लीड्सकर:
कॉर्नवॉलला आम्ही एका उन्हाळ्यात जेवलो होतो. खिडकीतून थेट समुद्र, वाढणारी पोरगी घाबरलेली, पण मेनूतला प्रत्येक मासा कुठल्या बंदरातला ते तिला पाठ. हिवाळ्यात त्या किनाऱ्यावर चिटपाखरू नसतं. वर्षातले पाच-सहा महिने टेबलं रिकामी आणि शिकाऊ पोरांचा खर्च बाराही महिने चालू. हिशेबनीस, तुम्हीच सांगा, हे देणगीशिवाय कसं बसवणार?

हिशेबनीस:
नाही बसत. शिकवण्याचा खर्च हा शिक्षणाचा खर्च आहे, तो पास्त्याच्या किमतीत घातला की पास्ता महाग आणि शिक्षण तुटपुंजं होतं. दोन वेगळ्या वह्या हव्यात.